दुपारी दीड, दुसरा मजला

चाळीस बाफले सांगितले होते, बेचाळीस आले.
मांगीलालजी म्हणाले, "दो अपनी तरफ से, भिया,
डॉक्टर लोगों की भूक पूछ के नहीं आती."
मी बिल चाळिसाचंच मागितलं.
कंपनीला दोन जास्तीचे बाफले समजावणं
स्वादुपिंड समजावण्याहून अवघड.

गीताभवनच्या पुढचं नर्सिंग होम.
लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी,
म्हणून डाळीचं पातेलं मी आणि मांगीलालजींचा पोरगा
दोन कड्यांना धरून जिन्याने वर चढवतो,
टाय खांद्यावरून मागे टाकून.

जैन ताटं पाच, त्यांच्यावर पिवळी चिठ्ठी.
छाबडा मॅडमना मिरची नको.
डॉक्टर रेघे दहीभात खातात, तोही घरचा,
तरी त्यांचं ताट मांडायचं.
मांडलेलं ते बघत नाहीत, न मांडलेलं त्यांना दिसतं.
गोडाला मावाबाटी.
औषध मधुमेहाचं.
यावर पहिल्या वर्षी मॅनेजर हसले होते, मीही.

नऊ वर्षांत मी एक गोष्ट शोधून काढली:
पहिला घास तोंडात असताना आलेख दाखवावा,
तेव्हा माणूस मान हलवतोच.
आणि दुष्परिणामांची स्लाइड
बाटीचा पाक बोटांवर असताना.
हे ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.
याचा मला अभिमान होता.

पावणेदोन.
बायपासवर बस उलटली हे आधी जिन्याला कळलं,
इतक्या चपला एकदम खाली धावल्या.
रेघे दारातून डोकावले,
"कुंटे, आज राहू दे,"
आणि ताटाकडे एकदा बघून गेले.

तूप थिजायला लागलं की बाफल्याचा चेहरा पडतो.
मी खुर्च्या मोजल्या. परत मोजल्या.

साडेतीनला रामकलाबाई आल्या, पोछा घेऊन.
मागे दोन वॉर्डबॉय,
एकाच्या बाहीवर कुणाचं तरी वाळलेलं रक्त,
आणि सिस्टर लिसी, सकाळपासून चहासुद्धा नाही.
"साहब, ये फेकोगे?"
म्हटलं, बसा.

बसले, खुर्चीच्या अर्ध्या भागावर,
कुणी हाक मारली तर उठता यावं असे.
आणि मी, का कोण जाणे, प्रोजेक्टर चालू केला.
सवयीनं असेल.
म्हणालो, ही साखर, हा दरवाजा,
ही गोळी म्हणजे कुलपात फिरणारी किल्ली.
कुणीही मान हलवली नाही.
घास हातात धरून बघत राहिले.

शेवटच्या स्लाइडला रामकलाबाईंनी ताट खाली ठेवलं.
"एक गोली कितने की?"

भावाचा प्रश्न या खोलीत आला नाही असं नाही.
पण तो येतो "पेशंटला परवडेल का" असा,
दुसऱ्याच्या खिशात हात घालून.
मी आकडा सांगितला.
त्यांनी बोटांच्या पेरांवर महिना मोजला,
विसाव्या पेरावर थांबल्या,
आणि ताट पुन्हा उचललं.

जाताना म्हणाल्या, एक बाटी नेऊ का घरी?
यांना फार आवडते.
साखर आहे ना त्यांना, मी विचारलं.
"है तो," त्या म्हणाल्या. "इसीलिए तो मिलती नहीं."
अर्धी द्या, मी म्हणालो,
आणि फॉइलमध्ये गुंडाळली अख्खी.

रात्री रिपोर्ट भरायला बसलो.
उपस्थिती: चार.
पुढचा रकाना स्पेशालिटीचा.
तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.
बायको दोनदा जेवायला हाक मारून गेली.
मी अजून रामकलाबाईंच्या ओळीवर आहे.