चौथ्या पानाची पाठ

फोंड्याला निबंधक कचेरीच्या पायऱ्यांलगत
माझे टेबल आहे, सत्तावीस वर्षे.
खरेदीखत, कुळाचा दाखला, भावाभावांचे सोडपत्र.
सही करणाऱ्याचा हात मी वरच्यावर धरतो:
आधी पाठ वाचा. कागदाची खोड पाठीवर असते.

आणि पर्वरीच्या त्या काचेच्या दुकानात
मीच
बॉनेटवर कागद ठेवून चार सह्या केल्या.
पेन त्यांचे होते, घाई माझी.

गाडी चांदीच्या रंगाची. जर्मन.
दार मिटताना मोठ्या माणसाने
हलकेच ‘बरं’ म्हणावे तसा आवाज.
मी तीनदा मिटून पाहिले.
प्रज्योत नावाचा मुलगा, गळ्यात ओळखपत्र,
म्हणाला, अंकल, एकशे साठ तपासण्या झाल्यात,
आणि यादी दाखवली. एकशे साठ बरोबरच्या खुणा,
सगळ्या एका हाताच्या, एका दमात मारलेल्या,
शेवटी शेवटी तर नुसत्या रेघा.
हे मला तेव्हाच दिसले होते.
दिसणे आणि वाचणे यांच्या मध्ये
चामड्याचा वास उभा होता.

सुलक्षाने विचारले, पहिला मालक कोण?
डॉक्टर.
कुठला?
बाहेरचा.
जुन्या गाड्यांचे सगळे मालक
डॉक्टरच कसे असतात, ती परतताना म्हणाली.

काटा म्हणत होता एकतीस हजार.
ब्रेकच्या पायपट्टीचे रबर मात्र
देवळाच्या उंबऱ्यासारखे झिजलेले.

पाच आठवडे आम्ही भाजी आणायलाही तीच काढली.
मग बोरीच्या पुलावर, मधोमध,
काट्यांमागचे सगळे दिवे एकदम लागले,
नाताळात शेजारच्या व्हरांड्यात लागतात तसे,
आणि जर्मनी गप्प झाली.
मागे मासळीचा टेम्पो. बर्फ वितळत होता.
ड्रायव्हरने माझ्या बापाचा उद्धार केला,
मी त्याच्या जागी असतो तर आजोबांचाही केला असता.

कुंडईला कायतानने तिला वर चढवले.
सीटचा पट्टा ओढला, ओढतच राहिला,
विहिरीतला दोर काढावा तसा, पार शेवटापर्यंत.
तिथे एक करडी रेघ. पाणी उभे राहिल्याची.
मग गालिचा उचलून सीटच्या रुळात बोट घातले,
बोटावरची माती उजेडात धरली.
पळय, बाब, म्हणाला, ही माती आमची न्हय.
आमची तांबडी. दहा धुण्यांत जात नाही.
ही काळी, बारीक, दुसऱ्याच कुठल्या नदीची.
कुठल्या शहरात बुडाली, किती रात्री,
खिडकीपर्यंत की छतापर्यंत,
एकशे साठ प्रश्नांत हा प्रश्न नव्हता.

हमीपत्राचे चौथे पान. पाठ. मुंगीएवढी अक्षरे:
विजेचे भाग वगळून. ब्रेक, टायर, बॅटरी वगळून.
पाण्याने झालेले नुकसान, पूर्वीचे अथवा पुढचे, वगळून.
खाली माझी सही, लांब शेपटाची,
साक्षीदार म्हणून लोकांच्या कागदांवर करतो तीच.

प्रज्योत आता तिथे नसतो.
नवा मुलगा म्हणाला, अंकल, निम्म्या भावात परत घेऊ.
आणि मग?
मग काय, तपासून विकू.

त्या रात्री एक कोरा स्टँपपेपर काढला.
लिहून देणार घनश्याम तळावलीकर,
लिहून देतो ऐसा जे की.
पट्ट्यावरची रेघ लिहिली, मातीचा रंग लिहिला,
बोरीचा पूल लिहिला,
रबर, दिवे, बर्फसुद्धा.
मोठ्या अक्षरांत, एकाच बाजूला.
पाठ कोरी ठेवली.

दोन गिऱ्हाइके आली, वाचून गेली.
एकाने पाणी तरी मागितले.
परवा डिचोलीचा एक गांवस आला.
कागद वाचला, उलटला,
कोरी पाठ उन्हात धरून पाहिली.
म्हणाला, इतके खरे लिहिलेय म्हणजे
नक्की काहीतरी मोठे लपवताय.

मग जाता जाता
दार उघडून मिटून पाहिले त्याने.
तीनदा.