पासून, पर्यंत

सागवानी पाटी आहे, सहा फूट बाय चार,
अधीक्षकांच्या खुर्चीमागे, जराशी डावीकडे कललेली,
कारण भिंतच कललेली आहे.
अनुक्रमांक. नाव. पासून. पर्यंत.
मी हेडाऊ पेंटर, इतवारीतला.
सव्वीस वर्षं झाली,
तिच्यावरचा प्रत्येक पांढरा काना माझ्या हातचा.

बदलीचा हुकूम निघाला की मला फोन येतो,
कधी कधी बंगल्यावर सामान बांधायच्या आधी.
मोठे बाबू म्हणतात, "ये बाप्पा, पर्यंत भरून टाक."
मी शिडी लावतो. टर्पेंटाइनचा वास खोलीभर होतो,
आणि जाणारे साहेब व्हरांड्यात उभे राहतात,
आपल्याच दाराबाहेर,
चहा नको म्हणणाऱ्या पाहुण्यासारखे.

एक होते एक्केचाळीस दिवसांचे.
त्यांचा 'पासून' नीट वाळलाही नव्हता.
एक गोंधळेकर. त्यांची गाडी फाटकात वळली
की पोर्चमधली संगीन आपोआप सरळ व्हायची.
जायच्या दिवशी शिडीखाली येऊन हळूच विचारलं,
"पेंटर, हे पुसलं जातं का हो?"
म्हटलं, एनॅमल आहे साहेब,
खरवडलं तर लाकूड निघतं, नाव नाही.
त्यांना बरं वाटलं की वाईट, समजलं नाही.

मे महिन्यातले नऊ दिवस पाटीवर नाहीत.
जुने गेले होते, नवे गडचिरोलीहून निघायचे होते,
मधल्या मधे अपर अधीक्षक उईके मॅडम.
'अतिरिक्त कार्यभार', असं असतं कागदावर.
म्हणजे भार आधीच होता,
वर आणखी एक गठ्ठा.

सातव्या दिवशी मौद्याकडच्या एका गावात
पोरं पळवणारे आले म्हणून बोंब उठली.
चादरी विकणारे तिघं
ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलेले,
बाहेर सात-आठशे माणूस, पारा सेहेचाळीसवर.
माझा भाचा टिकाराम तिथं होता, नवा शिपाई.

"मामा, आमी चौदा जण.
वायरलेसवर सारे विचारून राहिले, आदेश काय, आदेश काय.
ठाणेदार डीवायेसपीले, डीवायेसपी कंट्रोलले,
कंट्रोल मॅडमले.
अन् मॅडम तं तिथंच येऊन उतरल्या.
म्हणे, काठ्या गाडीत ठेवा.
ठेवल्या. पण मंग हात कुठं ठेवावं, समजेच ना.
त्या चालत गेल्या, दाराले पाठ लावून उभ्या राहिल्या,
अन् समोरच्या एका बाईले म्हणाल्या,
माय, थोडं पाणी आण."

पाणी यायला किती वेळ लागला,
ते टिकाराम दर खेपेला वेगळं सांगतो,
कधी दोन मिनिटं, कधी अर्धा तास.
दगड मात्र एकच, आणि तो खांद्यावरच्या
पितळी सिंहांना लागला, हे बदलत नाही.
अर्धा तांब्या पिऊन त्यांनी परत केला.
"उरलेलं आत द्या. तेही सकाळपासून तहानलेत."
आणि दार उघडायला
गर्दीतल्याच कोणाकडे तरी किल्ली होती.

नवे साहेब आले. मला फोन.
बाबूंना विचारलं, मॅडमचं नाव?
"प्रभारीचं टाकत नाहीत, हेडाऊ. तुला माहीत नाही का?"
माहीत होतं.
वरच्या ओळीत सोळा मे, खालच्या ओळीत सव्वीस.
वजाबाकी कोणालाही येते,
करत कोणी नाही.
खडूची सुतळी ताणली, टण्‌कन सोडली,
आणि हात थोडा खाली घसरला, असं म्हणा.
दोन नावांच्या मधे एका ओळीची जागा
रिकामी राहिली.

साहेबांनी मान वर करून पाहिलं.
"इथे काही सुटलंय का?"
म्हटलं, लाकडात गाठ आहे तिथं,
रंग धरत नाही.

"सागवानात?"

मी ब्रश धुवायला नळाकडे गेलो.
परत आलो तेव्हा ते अजून
उभेच होते.