दानाची थाळी

किल्ली माझ्याकडे असते, एकतीस वर्षं.
कुलूप गोठलं की तोंडाच्या वाफेनं मीच ते सोडवते,
म्हणून गावाला वाटतं, देवाचं आणि माझं बरं चाललंय.

ती माणसं आली तेव्हा मी आधी मेणबत्त्या मोजल्या.
खोटं कशाला सांगू.
नाझदार, तिचा नवरा, सात वर्षांचा रेझान.
रशियाच्या हद्दीवरून सायकलींवर आलेली,
कारण ती हद्द पायी ओलांडायला मनाई.
पोराची सायकल इतकी लहान, की गुडघे हनुवटीला लागत.
पाळक म्हणाला, "टोरब्योर्ग, वेदीमागची खोली यांना."
म्हटलं, "तिथे झाडू-बादल्या आहेत."
म्हणाला, "झाडू राहतील की बाहेर."

रिवाज असा, पोलीस उंबरठ्याच्या आत येत नाहीत.
आणि यांनी एक पाऊल बाहेर टाकलं, की विमान.
माझाच भाचा हाल्वार गाडीत बसून
तो उंबरठा राखतो. मी त्याला कॉफी नेऊन देते.

नोव्हेंबर सरता सरता सूर्य गेला.
आमच्याकडे जातोच तो, दोन महिने फिरकत नाही.
रेझाननं विचारलं, त्यालाही परत पाठवलं का?
मला हसू आलं नाही.

एकदा बाप्तिस्म्याच्या पात्रात मोजे धुतलेले सापडले.
मी ओरडले. नाझदारला माझी भाषा कळत नव्हती,
ओरडणं कळलं.
दुसऱ्या दिवशी पात्र राखेनं लख्ख घासलेलं,
शेजारी दानाची पितळी थाळीही.
दोन्हींत माझा चेहरा दिसला.
आवडला नाही.

आई सांगायची, गाव जळालं त्या हिवाळ्यात
तिनं मला माशांच्या टोपलीत घालून दक्षिणेला नेलं.
कुणा बाईनं गोठ्याचं दार उघडलं.
त्या बाईचं नाव आईला शेवटपर्यंत आठवलं नाही,
तिच्या तिन्ही गाईंची मात्र पाठ होती.

जानेवारीत सूर्य येतो, खाडीपलीकडच्या खिंडीत, नऊ मिनिटं.
सगळं गाव टेकडीवर जातं, पोरांना गोड पाव मिळतात.
चर्चचं दार उत्तरेला.
बांधणाऱ्यांनी वाऱ्याचा विचार केला, सूर्याचा नाही.
रेझान उंबरठ्याशी बसला,
बुटांची टोकं बरोब्बर लाकडाच्या कडेला.

मी थाळी उचलली.
हिच्यासकट मी एकतीस वर्षं लोकांपुढे हात पसरलाय.
नाणी, बटणं, एकदा कुणाचा तरी दात.
सावलीच्या कडेबाहेर गेले, गुडघाभर बर्फात,
आणि थाळी उभी धरली.
हात थरथरत होते. उजेड आधी भिंतीवर पडला,
मग बिजागरीवर, मग हाल्वारच्या काचेवर,
मग सापडला:
हनुवटी, ओठ, मिटलेले डोळे.
त्यानं गालावरचा उजेड बोटांनी चाचपला
आणि आईला हाक मारली. जागा करून दिली.
गोळा एवढासा. दोघं गालाला गाल लावून बसली.
नवरा मागे उभा. त्याच्या वाट्याला खांद्यापुरता.

दया माझी नव्हती.
मी फक्त थाळी तिरकी धरली होती.

मग खिंड बुजली.
हाल्वार कप परत द्यायला आला,
उंबरठ्याच्या बाहेरच थांबला, बुटानं बर्फ टोकरत.
"मावशी," म्हणाला, "उद्या जास्त वेळ असतो तो."

ऑस्लोहून पत्र अजून आलेलं नाही.
मी फावडं घेतलं
आणि सावलीच्या कडेपर्यंत वाट काढून ठेवली.