झाकण

तिया एस्त्रेयाच्या स्टुडिओला पाटी नव्हती.
मिल्याच्का नदीकडे उघडणारी एकच खिडकी,
तीही काळ्या रंगानं लिंपलेली.
सारायेव्होत तिला सगळे ओळखत:
पासपोर्टचे फोटो काढणारी,
कुणालाही ‘हसा’ न म्हणणारी.

पहिल्याच दिवशी मी विचारलं,
“आपल्याला तर प्रतिमा घडवायची मनाई आहे ना?
मग हे काय चालतं इथं?”
ती ट्रे हलवत राहिली. लाल दिव्यात तिची बोटं
नुकतंच बीट सोलल्यासारखी.
म्हणाली, “मी कुठं घडवते? उजेड घडवतो.
मी फक्त मधे येत नाही.”

नंतर कधीतरी, फिक्सरच्या आंबट वासात,
तिनं मोशेची गोष्ट सांगितली,
शेजाऱ्याची सांगावी तशी:
त्याला चेहरा बघायचा होता. हट्टच धरून बसला.
मग त्याला खडकाच्या फटीत उभं केलं,
वरून तळहात झाकला,
आणि पुढं निघून गेल्यावर तळहात काढला.
दिसली ती पाठ.
“फट, तळहात, आणि थोडा उशीर,” ती म्हणाली,
“कॅमेऱ्यात आणखी काय असतं?”

हिवाळ्यात आम्ही ट्रेबेविचच्या उतारावर जायचो,
जुन्या दफनभूमीत.
तिथले दगड उभे नाहीत, बसलेत,
पाठी वर करून, थंडीतल्या गुरांसारखे.
काहींवर गोळ्यांचे खड्डे, खड्ड्यांत शेवाळ.
ती आधी बोटानं नाव वाचायची, मग कॅमेरा लावायची.
एक दगड मात्र पंचवीस वर्षं हुलकावण्या देत होता.
ऊन आडवं पडलं तर अक्षरं उठतील,
पण ऊन आडवं व्हायच्या आत
डोंगर मधे यायचा.

जानेवारीतला तो शुक्रवार.
बर्फावरून उलटलेला उजेड
दगडाच्या पोटाखालून शिरला
आणि ओल्या कापडातून अंग उठावं
तशी अक्षरं उठली.
मी मीटर वाचला. अष्टमांश सेकंद. “तिया, आता!”
तिनं घड्याळ पाहिलं.
खाली शहरात कुणीतरी मेणबत्त्या लावत असणार.
“सूर्य बुडायला अजून दहा मिनिटं आहेत,” मी म्हटलं, “चालतं.”
“चालतं,” ती म्हणाली, “पण अगदी काठापर्यंत कशाला जायचं?”
आणि खिशातून झाकण काढून लेन्सवर बसवलं.
टक्.
शटरसारखाच आवाज.

मी चिडले. पंचवीस वर्षं!
मेलेल्यांसमोर शिव्या नकोत म्हणून
दातांखाली चावून गिळल्या.
ती दगडापुढं उकिडवी बसली
आणि उजेड संपेस्तोवर पाहत राहिली.
नाइलाजानं मीही.
नावाखाली एक ओळ होती,
आजवर आम्ही तिला भेग समजत होतो.
‘...ची आई’ एवढंच लागलं.
कुणाची, ते लागलं नाही.

कॅमेरा तिनं फाटकाजवळच्या खोलीत ठेवला.
राखणदार फिक्रेतनं काही न विचारता
तो टॉवेलात गुंडाळला.
आम्ही रिकाम्या हातांनी उतार उतरलो.
हातांचं काय करायचं, मला कळेना.

दुसऱ्या रात्री, तीन तारे मोजून झाल्यावर,
तिनं वेणी घातलेली मेणबत्ती पेटवली,
बोटं ज्योतीपाशी नेऊन वाकवली:
नखांवर उजेड, तळहातात सावली.
नखांत अजून डेव्हलपरचे डाग होते.
ती काही बोलली नाही.
मग वाइनमध्ये ज्योत विझवली
आणि मला म्हणाली, ट्रे धुवायचे राहिलेत.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही सहा वेळा गेलो.
सहाही वेळा ढग.
त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी एकटी.

तिच्या निगेटिव्हच्या पेटीत चारशे बारावा लिफाफा रिकामा आहे.
वर पेन्सिलीनं तारीख,
आणि एकच शब्द: पाहिला.
कुणी जुने फोटो बघायला आलं
की मी तोही काढून देते.
लोक उजेडासमोर धरून बघतात.
काही जण बराच वेळ.