इतवारीतला काटा

फोनवर डॉक्टर देवतळे म्हणाल्या,
"आधी वजन सांगा. अंडं अडकलंय,
कॅल्शियम अंदाजानं नाही देता येत."

रात्रीचे दोन. कूलरचं पाणीही कढत.
दुकानाचं शटर अर्धं उचललं,
वाकून शिरलो,
रुमालाचं वजन वजा केलं, सवयीनं,
आणि पिवळीला, आमच्या कॉकटीलला,
सोन्याच्या काट्यावर ठेवलं.

त्र्याण्णव. ब्याण्णव. पुन्हा त्र्याण्णव.
आकडा ठरेना.
तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो,
पंखा बंद करू द्या, हात लावू नका,
काटा हलला तर मी खोटा.

आज हलू दे बापा,
हलत राहू दे.

"किती?"
"ब्याण्णव ग्रॅम," म्हणालो,
"आणि वर थोडं."

सदरपर्यंत एकही सिग्नल पाळला नाही.