तसेच

शनिवारी चर्चमध्ये माझी पाळी असते.
गुडघ्यांखाली गुडघे टेकायची उशी, हातात जुन्या बनियनचा बोळा,
आणि डबीतलं ते पांढरट मलम, ज्याचा वास
रात्रीच्या जेवणापर्यंत बोटं सोडत नाही.

उत्तरेच्या भिंतीवर पितळी पाटी.
वरती एकतीस पुरुष, आडनावांच्या क्रमाने,
हुद्द्यासकट, पलटणीसकट.
तिथवर माझा हात पोचत नाही. शिडी लागते,
खोपटाची किल्ली ओल्डरॉइडकडे,
आणि तो फेब्रुवारीपासून लिंकनच्या इस्पितळात.
म्हणून ते काळवंडलेत,
पण अक्षर न् अक्षर शाबूत.

त्यांच्याखाली एक रेघ.
रेघेखाली एकच शब्द: तसेच.

मग तीन बायका.
ऊना पास्क, रुग्णवाहिका चालक.
केझाया स्टॅमर्स, परिचारिका, सालोनिका, ज्वराने.
थर्झा मॉल्टबी.
तिच्यापुढे काही नाही.
क्रमाने ती पहिली यायला हवी होती.

तिची धाकटी बहीण आम्हाला रविवारी बायबल शिकवायची.
एकदा, योनाची गोष्ट अर्ध्यावर सोडून, म्हणाली,
थर्झा तोफगोळ्यांत दारू भरायची.
सुट्टीला घरी आली की पिवळी;
कपाळ, नखं, डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा.
उशीचा अभ्रा पिवळा व्हायचा.
आईने तो धुतला नाही, जाळलाही नाही.
पुढे योनाचं काय झालं ते राहूनच गेलं.

युद्ध संपल्यावर तीन महिन्यांनी ती गेली,
स्वतःच्या अंथरुणात, खिडकीशी, समुद्राचा वारा येतो त्या बाजूला.
पाटीच्या समितीत वाद झाला:
हिला धरायचं का?
गोळी नाही, बुडालेलं जहाज नाही,
तारीखसुद्धा उशिराची.
शेवटी कुणीतरी म्हणालं, बापाने खर्च दिला तर बघू.
कोरणारा अक्षरामागे पैसे घ्यायचा.
मॉल्टबी दुसऱ्याच्या मळीत बटाटे काढायचा.
त्याने बारा अक्षरांचे मोजले
आणि टोपी घालून बाहेर पडला.

मला हे सगळं माहीत होतं
आणि तरी सव्वीस वर्षं मी घासत आले.
ही तीन नावं बरोबर हाताच्या उंचीवर येतात.
खांदा न उचलता, मनात दुसरंच काही चालू असताना
हात तिथेच गोल गोल फिरतो.
अक्षरांतलं काळं मेण कधीच निघून गेलं.
पितळ उघडं पडलं.
मागच्या शनिवारी तिरप्या उन्हात बघितलं,
आडनावातला टी दिसेना.
बोटाने चाचपला. तिथे गुळगुळीत होतं,
चमच्याच्या पाठीसारखं.

एका अक्षराचे पैसे मी घासून टाकले.

आज पास्क पुसली, स्टॅमर्स पुसली, कोरड्या फडक्याने, हलकेच.
तिसऱ्या ओळीला हात लावला नाही.
नव्या व्हिकरबाई फुलं घेऊन आल्या,
थांबल्या, मान वाकडी करून म्हणाल्या,
इथे थोडं राहिलंय हो.

म्हटलं, राहू दे.