साखरपेरणी

पेर्ममधल्या नऊमजली इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
ग्लाफिरा देम्यानोव्हना दार उघडतात
आणि पायपुसण्यावरच मला ऐकवतात:
"रुस्तम, तुझ्या औषधाचं पाणी झालं."

खरंच झालंय.
वडिलांच्या काळी एक फवारा मारला
की सकाळी सुपली भरून झुरळं निघायची.
मी तोच फवारा दुप्पट केला, मग तिप्पट,
खिडकीतलं जेरेनियम करपलं,
मांजर शिंकून शिंकून बेजार,
आणि ती मात्र मिशा पुसत
गॅसच्या नळीमागे चालती झाली,
घाई न करता.

(आम्ही यांना प्रशियन म्हणतो.
जर्मनीत म्हणे, रशियन म्हणायचे.
घाण नेहमी पलीकडच्या गावाची.)

मग मी साखरपेरणीवर आलो.
गोड पाकात कालवलेलं विष,
सिरिंजनं बिजागरीवर, सिंकखाली, फ्रिजच्या रबरात,
ठिपका ठिपका.
दोन वर्षं बरी गेली.

परवा रात्री त्यांच्याच स्वयंपाकघरात
लाल टॉर्च लावून बसलो.
एक पिल्लू आलं, ठिपक्याला तोंड लावलं,
आणि चटका बसावा तसं मागे उडालं.
कितीतरी वेळ तोंड पुसत राहिलं.
मग भिंतीच्या कागदाची जुनी खळ
चवीनं खाल्ली.

कुणी शिकवलं नसणार त्याला.
हजारांत एखादं जन्मलं असेल
उलट्या जिभेचं, गोड ज्याला कडू लागतं असं.
भावंडं मिटक्या मारत होती तेव्हा
ते बिचारं उपाशी, हडकुळं, कोपऱ्यात.
मग भावंडं संपली.
आता या इमारतीत सगळं त्याचंच गोत,
मला पुरून उरलेलं.

"मग आता यांना आवडतं तरी काय?"
ग्लाफिरा देम्यानोव्हना विचारतात,
घरी राहायला आलेल्या सुनेबद्दल विचारावं तसं.
मला माहीत नाही.
गोदामात नवा पाक येणार आहे म्हणतात, वसंतात.

त्यांना स्वतःला मधुमेह, अकरा वर्षं.
साखरेचा डबा तरी टेबलावर असतो, पाहुण्यांसाठी,
आणि पाहुणा म्हणजे महिन्यातून एकदा मी.
न विचारता तीन चमचे घालतात,
ढवळतात, कप पुढे सरकवतात,
आणि मी पितो की नाही ते बघत राहतात.

पहिला घोट
मी जिभेवर जरा थांबवतो.